आतून कबरा

५ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. शास्त्रीय काम करायचं तर नोंद हवी. दुसरं कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

बॉल पायथन अजगरांची जोडी घरी आली. मादी मेलाती, नर जनरल. दिसायला दोघंही साधे, तपकिरी अंगावर काळी नक्षी. पण आतून कबरे. म्हणजे कबरेपणा आत दडवून फिरणारे. अशा दोघांच्या चार पिल्लांत एक अस्सल कबरं निघतं, तपकिरी डोकं आणि अंगावर दुधासारखे पांढरे पट्टे. आमच्या सालातिगा शहरात अजून कोणाच्या घरी असं पिल्लू निघालेलं नाही. निदान माझ्या ओळखीत नाही.

कोह हालिमच्या दुकानातून घेतले. ते मला म्हणाले, पाक मारवोतो, मेलाती आमच्या म्हाताऱ्या नराबरोबर होती, तेव्हा हे वर्ष जाऊ द्या, घाई करू नका. म्हणजे मादीला अनुभव आहे. उत्तम.

संकल्प: रोज सकाळी तापमान बघायचं. चहात साखर नाही. सासूबाईंशी वाद घालायचा नाही.

६ जानेवारी

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. मागे कॉलेजातल्या एका मुलीने आनुवंशिकतेचं प्रकरण झेरॉक्सला दिलं होतं, तेव्हा एक प्रत जास्त निघाली. ती मी जपून ठेवली आहे. मुलीने अर्धंच प्रकरण काढलं, त्यामुळे माझंही अर्धंच वाचून झालंय. पण विषय अर्ध्यातच कळला. पुढे लेखकाने उगाच पाल्हाळ लावलं असणार.

हिशोब असा. मेलाती शंभर टक्के आतून कबरी. जनरलबद्दल कोह हालिम म्हणाले होते, आतून कबरा असायची शक्यता सहासष्ट टक्के, खात्री देत नाही. सहासष्ट वाईट नाहीत. मला शाळेत कधी पडले नाहीत. दोघांचे मिळून एकशे सहासष्ट. पिल्लाला शंभर पुरतात.

बायकोला, सुलास्त्रीला, समजावून सांगितलं. ती म्हणाली, साप माझ्या चुलीजवळ आणायचे नाहीत, बाकी काय त्या बेरजा करा.

चहात साखर. थंडी होती.

११ जानेवारी

जोडी एका पेटीत सोडली. जनरल एका कोपऱ्यात चेंडू होऊन बसला, मेलाती दुसऱ्या कोपऱ्यात. तासभर बघत होतो. सुलास्त्री म्हणाली, आपलं लग्न झालं तेव्हा तुम्हीही असेच बसला होता. मला तसं आठवत नाही.

१९ जानेवारी, रविवार

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

गालिहचे आईवडील आले. गालिह म्हणजे आमच्या रातिहचा होणारा नवरा. एसी-फ्रीज दुरुस्त करतो, मुलगा चांगला, फक्त सापांना घाबरतो. पाय खुर्चीवर घेऊन बसतो. शिशुवर्गाची मुलं सांभाळून दमून आलेली रातिह त्याला बघितली की दमलेली राहत नाही, हे मीसुद्धा ओळखलंय.

चहा झाला, उकडलेले शेंगदाणे झाले आणि सासूबाईंनी दोघांचं वेतोन काढलं, म्हणजे जन्माचा वार आणि त्याला जोडून पाच दिवसांच्या बाजारचक्रातला वार. रातिह मंगळवार पोन, गालिह शुक्रवार पाहिंग. वाराचे आकडे, बाजारवाराचे आकडे, सगळे मिळवले, आठने भागले. बाकी एक. एक म्हणजे पेगात. ताटातूट.

गालिहची आई म्हणाली, माझ्या बहिणीचं असंच आलं होतं, आम्ही हसण्यावारी नेलं, तीन वर्षांत घरी परत आली. तिने पदराने डोळे पुसले. रातिहने माझ्याकडे बघितलं.

मग मला बोलावंच लागलं. मी म्हणालो, एकविसाव्या शतकात बाकी एक उरली म्हणून लग्न मोडायचं? भविष्य सांगायचं तर शास्त्राने सांगा. न जन्मलेल्या पिल्लांचे रंग मी आज सांगतो. मेलातीची अंडी फुटतील तेव्हा दर चारांत एक कबरं निघेल. लिहून घ्या.

सासूबाई म्हणाल्या, लिहायला कशाला, माझ्या लक्षात राहील. तुझं पांढरं पिल्लू निघालं तर मी वेतोनचं नावही काढणार नाही, लग्न लागू दे. नाही निघालं तर तू तोंड मिटायचं आणि ही सोयरीक इथेच थांबायची. बोल.

रातिह मानेने नाही नाही म्हणत होती, पण तोवर मी हो म्हणून बसलो होतो. गालिहचे वडील म्हणाले, सापावर? मी म्हणालो, सापावर नाही, गणितावर.

सासूबाई मनातून घाबरल्या आहेत. चेहऱ्यावर दाखवत नाहीत इतकंच.

२० जानेवारी

रातिह बोलत नाही. काल एवढंच म्हणाली की बाबा, तुम्ही आजीशी नुसतं गोड बोलायचं होतं. गोड बोलून शास्त्र सिद्ध होत नाही, हे तिला लग्नानंतर कळेल.

२ फेब्रुवारी

जनरल नाही. पेटीचं झाकण किंचित उघडं. दोष झाकणाचा.

सासूबाई खाटेवरून पाय खाली ठेवायला तयार नाहीत. गल्लीचे प्रमुख पाक सुतार्नो येऊन विचारून गेले की गल्लीत सूचना द्यायची का. मी म्हणालो, गरज नाही, जनरल मिलनाच्या ऋतूत फिरतो, हे नैसर्गिक आहे. ते म्हणाले, मग तुमच्याच घरात फिरू दे.

६ फेब्रुवारी

सापडला. दुकानात, झेरॉक्स मशीनच्या मागे, उबेला. प्रबंध काढायला आलेल्या एका मुलाला आधी दिसला. मुलगा प्रबंध तिथेच टाकून गेला. बरं वाटल्यावर येईलच न्यायला.

संकल्प: झाकणावर वीट.

१४ फेब्रुवारी

मेलाती फुगली आहे. पोट वर करून झोपते. अंडी. नक्की.

सुलास्त्री म्हणते, जनरल तिच्या जवळसुद्धा गेलेला कोणी पाहिला नाही, तो तर मशीनमागे होता. मी म्हणालो, काही जण चारचौघांत करत नाहीत. कोह हालिमला फोन केला. ते म्हणाले, पाक मारवोतो, मी म्हाताऱ्या नराबद्दल बोललो होतो ना, मादी नराचं बीज कितीतरी महिने पोटात सांभाळून ठेवते. मी म्हणालो, ते तुमच्या दुकानात, इथे वातावरण वेगळं आहे. त्यांनी अभिनंदन केलं. आवाजात असूया होती.

१२ मार्च

रमजान, उपवासाचा महिना. पहाटेचं जेवून पेटीकडे गेलो तर मेलाती अंड्यांना वेढा घालून बसली होती. सहा अंडी. दोनदा मोजली. इतका आनंद मला रातिह झाली तेव्हा झाला होता. तेव्हाही मी असाच दाराशी उभा होतो.

अंडी उबवणपेटीत हलवली. थर्माकोलचा खोका, त्यात दिवा, तापमानाचं बटण, अंड्यांखाली पर्लाईट, कुंडीत घालतात ते पांढरे दाणे. घरातल्या सगळ्यांना दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, शिळे मोमो दिसतायत. मत्सर.

१४ मार्च

अडचण. सहाला चारने भागलं तर दीड येतं. दीड कबरं पिल्लू निघत नाही. खूप विचार केला. वरच्या बाजूला धरायचं ठरवलं. दोन.

पाक सुतार्नोंना सांगितलं, दोन निघणार. त्यांनी विचारलं, नाही निघाली तर? मी म्हणालो, प्रश्नच नाही. ते म्हणाले, अहो पण पोरीचं लग्न आहे ना त्यावर. त्यानंतर मला थोडं अस्वस्थ वाटलं. उपवासाने असेल.

२० मार्च

संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी वीज गेली. पेटी गार पडायला लागली. सालातिगाचा गारवा अंड्यांना सोसत नाही. मी ओरडलो असं सुलास्त्री म्हणते. मी फक्त सूचना दिल्या.

गालिह मोटारसायकलवर बॅटरी बांधून आला. खजूरही तोंडात टाकला नव्हता. वायरी जोडेपर्यंत पेटी गरम राहावी म्हणून त्याने गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, मग वीज येईपर्यंत ती मांडीवर घेऊन बसला. डोळे घट्ट मिटून. थकला असावा. रातिह त्याला हाताने केळ्याची भजी भरवत होती. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांना मी म्हणालो, बघा, असा मुलगा. त्या म्हणाल्या, मुलाला मी कधी नावं ठेवली? मी वाराबद्दल बोलले.

एक अंडं पिवळं पडून बसलंय. उरली पाच. सव्वा. मी अजून दोनच धरतो आहे.

३१ मार्च

लेबारान, म्हणजे ईद. केतुपातचा पानात उकडलेला भात, रस्सा, दिवसभर माणसं. सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली. मी सासूबाईंची मागितली, त्यांनी माझी. पण पैजेचा विषय कोणी काढला नाही.

जुनी सुईण कार्सिनाह आली होती. तिच्याच हातून रातिह झाली. आता कानाला कमी ऐकू येतं, पण आठवण तल्लख आहे म्हणे. ती, सासूबाई आणि रातिह स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी अंडी दाखवायला बोलावत होतो, कोणी आलं नाही. आतून हसण्याचा आवाज. कार्सिनाह जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, मारवोतो, तळलेलं तेंपे अजून आवडतं का रे? मी म्हणालो, सोयाबीनची वडी कोणाला आवडत नाही. म्हातारपणी माणसं काहीही विचारतात.

रातिह आजपासून बोलायला लागली. सणाचा परिणाम.

८ एप्रिल

सासूबाईंची अवस्था मला समजते आहे. पराभव जवळ आला की माणूस विचित्र वागतो. आज शिंपीण घरी बोलावून नवीन कबाया ब्लाउजचं माप दिलं. मी विचारलं, कशासाठी? म्हणाल्या, असंच, म्हातारपणी हौस. सुलास्त्रीचंही माप घेतलं. रातिहचंही. माझी पँट कमरेत किती झालीय तेही शिंपिणीने विचारलं. मी म्हणालो, मला गरज नाही. सुलास्त्रीने परस्पर सांगितलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही.

१३ एप्रिल, रविवार

गालिहचे आईवडील फणस घेऊन आले. मला वाटलं अंडी बघायला. थेट स्वयंपाकघरात गेले. बिचारी माणसं, माझ्यासमोर यायचा त्यांना संकोच वाटत असणार, सगळी भिस्त माझ्यावर आहे ना. मी दारात जाऊन म्हणालो, काळजी करू नका, शास्त्र आपल्या बाजूने आहे. गालिहचे वडील म्हणाले, हो हो. त्यांच्या हातात मांडववाल्याचं कार्ड होतं. खिशात घातलं. कोणाचं तरी दुसरं लग्न असेल.

२१ एप्रिल

आणखी एका अंड्याला बुरशी. काढून टाकावं लागलं. आधी फार वाईट वाटलं, मग पेटीजवळ बसल्या बसल्या लक्षात आलं. उरली चार. चारांत एक. बरोब्बर एक. दीड नाही, सव्वा नाही. निसर्गाने स्वतःच हिशोब जुळवून दिला.

हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी मला जास्तीचा मासा वाढला. कधी वाढत नाहीत. मला त्यांची कीव आली.

२ मे

विजयानंतर काय करायचं याचा विचार. सासूबाईंना टोमणा मारायचा नाही. एकदाच, हळूच म्हणायचं, आई, वाराचं काय झालं? बस.

वजन करून पाहिलं. साखर बंद करण्याचा संकल्प पुढच्या महिन्यापासून. आत्ता ताण आहे.

११ मे, रविवार

फुटली! पहिल्या अंड्याला चीर, त्यातून नाक. दुपारपर्यंत चारही अंड्यांतून चार डोकी. दुकान बंद ठेवलं. कोह हालिमही बघायला आले.

चारही डोकी तपकिरी. सुलास्त्री माझ्याकडे बघायला लागली. मी हसलो. सांगितलं, कबऱ्याचं डोकं तपकिरीच असतं, पांढरं पुढे अंगावर सुरू होतं. कोह हालिमनेही मान डोलावली, म्हणाले, हे मात्र खरं आहे, अंगावर काय ते बाहेर आल्यावरच कळेल. पिल्लं लगेच बाहेर येत नाहीत, एक-दोन दिवस अंड्यातच बसून राहतात, ओढायचं नाही. म्हणून मी ओढत नाही.

चौघांच्याही मानेवर कप उलटा ठेवावा तशी फिकट खूण आहे. जनरलच्या मानेवर नाही. मेलातीच्याही नाही. कोह हालिमने त्या खुणा एकेक करून बघितल्या, मग खोकला आला म्हणून बाहेर गेले. त्यांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या नराच्या मानेवर अशी काहीतरी खूण आहे, असं रातिह म्हणते. योगायोग. खूण शास्त्रात कुठे बसते ते प्रकरणाच्या दुसऱ्या अर्ध्यात असावं.

१३ मे, मंगळवार

सकाळी पहिलं बाहेर. शेपटीपर्यंत तपकिरी. ठीक आहे, एक जाणारच होतं.

दुपारी दुसरं. तपकिरी.

तिसरं. तपकिरी.

आता चौथंच. चारांत एक, आणि तीन होऊन गेले, म्हणजे उरलेलं हेच कबरं. यात शंका घ्यायला जागाच नाही. जेवलो नाही. रातिह शाळेतून आली, माझ्या शेजारी बसली. म्हणाली, बाबा, जेवून घ्या, जे निघायचं ते निघेल. मी म्हणालो, तुझ्यासाठीच बसलोय. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लहानपणी ठेवायची.

संध्याकाळी चौथं बाहेर आलं. तपकिरी. पण शेपटीच्या बुंध्याशी पांढरा ठिपका! छोटा, पण पांढरा. पांढराशुभ्र. कबऱ्याची सुरुवात. मी सुलास्त्रीला मिठी मारली. ती म्हणाली, हात धुतलेत का.

उद्या सासूबाईंसमोर सादर करणार. आज त्या देवाधर्माच्या कामात आहेत, आणि मलाही चांगला शर्ट इस्त्री करायचा आहे.

१४ मे

सगळे जमले. मी, सुलास्त्री, रातिह, पाय खुर्चीवर घेतलेला गालिह. पाक सुतार्नो साक्षीला. मी छोटंसं भाषण केलं. मग पिल्लू सासूबाईंसमोर धरलं, ठिपका दाखवला.

सासूबाई म्हणाल्या, चष्मा आण. चष्मा लावला. जवळ घेऊन बघितलं. मग अंगठ्याला थुंकी लावली आणि ठिपका पुसला.

ठिपका गेला. अंगठ्यावर पर्लाईटचा दाणा होता.

सासूबाईंनी दाणा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, घे, तुझं पांढरं. रातिह ओढणी तोंडावर धरून आत पळाली. तिचे खांदे हलत होते. गालिहही तिच्या मागे गेला, त्याचेही.

हा दिवस मी विसरणार नाही. मुलीला रडवलं.

रात्री जेवण गेलं नाही. आता शांतपणे विचार केला तर कळतं, मी तिचं लग्न चार अंड्यांवर लावून बसलो. त्या जानेवारीत ती मान हलवत होती, मला दिसत होतं, तरी मी हो म्हणालो. सगळ्यांसमोर मोठेपणा मिळेल म्हणून. हे लिहिताना बरं वाटत नाही. जनरलमध्ये सहासष्ट होते, ते त्याने वापरले नाहीत हा भाग वेगळा.

१५ मे

सासूबाईंशी बोलणी करायला गेलो. त्या स्वयंपाकघरात छोटे कांदे सोलत होत्या. मी पाटावर बसलो, मीही सोलायला घेतले. फार झोंबणारे कांदे होते. डोळ्यांतून सारखं पाणी.

म्हणालो, आई, माझं तोंड मिटलं म्हणा, मान्य आहे. पण माझी शिक्षा पोरीला नको. हवं तर मी साप परत करतो. हवं तर वाराबद्दल जे म्हणाल ते मान्य करतो. पण गालिह चांगला मुलगा आहे. त्याने डोळे मिटून माझी अंडी सांभाळली.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, मारवोतो, नाक पूस आधी. मग म्हणाल्या, तुला काय वाटतं, ती काल रडत होती? हसत होती गाढवा. दोघंही हसत होते. मीच कसंबसं आवरलं.

मग सगळं सांगितलं. लिहितो जसं त्या बोलल्या तसं. म्हणाल्या, लेबारानला कार्सिनाह आली, सहज बोलणं निघालं, तर ती म्हणाली, पोरगी कसली मंगळवारची, दिवस मावळला, मगरिबची अजान झाली, मी हातपाय धुतले आणि मग ही रडली. अजान झाली की वार बदलतो, एवढंही तुला कोणी शिकवलं नाही का रे? मंगळवार संपला, बुधवार लागला. पोरगी बुधवार वागेची. मी पुन्हा बेरीज केली, बाकी दोन आली. दोन म्हणजे रातू. राजाराणी. याहून चांगलं काही नसतं.

मी म्हणालो, पण मी दाराशी उभा होतो, चांगला उजेड होता, मंगळवारच होता.

म्हणाल्या, उजेड ट्यूबलाइटचा होता. आणि तू दाराशी नव्हतास, बसस्टँडवर तेंपे खायला गेला होतास. कार्सिनाहने माणूस पाठवून बोलावलं तुला. तूच येऊन मला मंगळवार सांगितलास आणि मी चोवीस वर्षं तो धरून बसले.

मला तसं आठवत नाही. पण कार्सिनाहची आठवण तल्लख आहे असं मीच वर लिहिलंय.

म्हणजे लेबारानपासून लग्न ठरलेलंच होतं. सुरो महिन्यात लग्नं करत नाहीत, तो लागायच्या आत, जूनमध्ये. मांडव, कबाया, माझी पँट, सगळं त्याचंच. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? सासूबाई पुन्हा कांदे सोलायला लागल्या. म्हणाल्या, सांगणारच होतो. पण तू रोज त्या पेटीशी बसून गुणगुणायचास. सुलास्त्री म्हणाली, पिल्लं निघेपर्यंत राहू दे, त्याला वाटू दे की लग्न तोच लावतोय. रातिहही म्हणाली. मग राहू दिलं.

मी सालं गोळा करायला लागलो. कांदे संपले होते तरी डोळ्यांत पाणी येत होतं.

१६ मे

पत्रिका बघितली. सुंदर आहे. खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव. समोरच्या चौकातला झेरॉक्सवाला. माझ्याकडे रंगीत मशीन असताना. मला कळू नये म्हणून तिकडे छापली म्हणे. बाकी सगळं मी माफ केलं, हे वेळ घेईल.

२ जून

चार पिल्लांपैकी तीन कोह हालिमकडे दिली. त्यांनी ती म्हाताऱ्या नराच्या पेटीशेजारी ठेवली. शेजारी शेजारी पाहिल्यावर मलाही खूण सारखी वाटली. उजेडामुळे असेल. चौथं घरी ठेवलं. ठिपक्याचं. ठिपका नाही, पण मला ते कोणतं ते ओळखू येतं.

गालिहने आज पहिल्यांदा त्याला बोट लावलं. नंतर दोनदा हात धुतले.

२२ जून, रविवार

काल लग्न झालं. पँट बरोब्बर बसली. पाक सुतार्नोंनी भाषणात सांगितलं की वधूपित्याने या लग्नासाठी फार शास्त्रीय मेहनत घेतली. लोक खूप हसले. चांगलं बोलले ते.

रातिह निघताना माझ्या पाया पडली आणि उठायलाच तयार नव्हती. मी म्हणालो, ऊठ, गाडी थांबलीय. गालिहलाही जवळ घेतलं. मग एका खुर्चीखाली काहीतरी पडलं होतं ते बघायला वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

२४ जून, मंगळवार

घर रिकामं. सुलास्त्री भाड्याची ताटं मोजत बसली आहे. चहात साखर दोन चमचे. आता कशाला नाही म्हणायचं.

संध्याकाळी पेटीतलं पाणी बदलायला गेलो तर जनरल मेलातीच्या अंगाला वेटोळं घालून बसलेला. शेपट्या एकमेकींत. खरोखर. पहिल्यांदाच. सुलास्त्रीला हाक मारणार होतो, मारली नाही. काहींना चारचौघांत आवडत नाही, हे मीच म्हणालो होतो.

नोंद करायला वही काढली. तारीख घातली. मग वार घालताना थांबलो. बाहेर अंधारून आलं होतं. घरात ट्यूबलाइट चालू होती. सकाळपासून डोकं लग्नाच्या पसाऱ्यात, अजान झाली की व्हायची आहे, कानावर आलीच नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, आई, मगरिबची अजान झाली का?

सासूबाईंनी भाताच्या भांड्यावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या वहीकडे. म्हणाल्या, कशाला हवंय तुला?

म्हणालो, असंच.

त्या परत भाताकडे वळल्या. म्हणाल्या, झाली मघाशीच. बुधवार धर.

मी बुधवार धरला.